रकाना चौदा : डोके खाली

छत्तिसाव्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आमचे बाळ आईच्या पोटात डोके वर करून बसलेले आढळले. बाहेरच्या जगात डोके वर करून बसणाऱ्याला सरळ म्हणतात. प्रसूती विभागात त्याला उलटे म्हणतात. नववा महिना लागला की बाळाने डोके खाली करून निघायच्या तयारीत राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि शंभरातली शहाण्णव-सत्त्याण्णव बाळे तो शेवटी बिनबोभाट पाळतात. आमच्या बाळाने अजून पाळला नव्हता.

"तुमच्यावर गेलंय," बायको तपासणीच्या पलंगावरून म्हणाली. "एकदा बूड टेकलं की उठायचं नाव नाही."

मी एका कार्यालयात मुख्य लिपिक आहे. हा टोमणा मला नवा नव्हता. मी तो ऐकून घेतला आणि वेळेची नोंद वहीत केली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. घाबरायचे काही नाही, त्या म्हणाल्या, मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे पोटावरून हाताने दाब देऊन बाळ फिरवून बघायचे. निम्मी बाळे फिरतात, पण ते याच किंवा पुढच्या आठवड्यात केलेले बरे, नंतर आत जागा कमी पडते. नाही फिरले तर तारीख ठरवून शस्त्रक्रिया. तिसरा मार्ग म्हणजे आहे तसेच येऊ द्यायचे. मात्र त्याला सरावलेले हात लागतात. आमच्या रुग्णालयात असे हात एकाच बाईंना होते. त्यांना सगळे थोरल्या सिस्टर म्हणत. पायाकडून येणारी शंभरावर बाळे त्यांनी सुखरूप बाहेर काढली होती. व्यवस्थापनाने या अनुभवाची दखल घेऊन दोन वर्षांपूर्वी त्यांना अभिलेख कक्षात बढती दिली होती आणि आता त्या जुन्या फायलींचे गठ्ठे बांधत होत्या.

माझी बायको लोकांना मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे तिला हे चटकन कळले. "म्हणजे गाडी मागे घेत घेतसुद्धा बाहेर काढता येते," ती म्हणाली. "फक्त चालवणाऱ्याला आलं पाहिजे."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग बायकोने एक प्रश्न विचारला. पुढचे सतरा दिवस ती हा एकच प्रश्न विचारत राहिली, म्हणून तो जसाच्या तसा देतो.

"हे सगळं ठरायच्या आधीच कळा आल्या, तर मी कुठं यायचं?"

प्रश्न साधा होता, पण फुकाचा नव्हता. बाळ बसलेले असताना पाणी गेले तर घरी वाट बघत थांबायचे नसते, लगेच निघायचे असते, एवढे डॉक्टरीणबाईंनीच सांगितले होते. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडले आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे पाटी होती : 'नियोजनविषयक प्रश्नांची उत्तरे फक्त खिडकी क्रमांक चार येथे दिली जातील.' पूर्वी डॉक्टर एक सांगत आणि खिडकी दुसरेच सांगे. त्यामुळे रुग्णांचा गोंधळ व्हायचा. तो टाळण्यासाठी डॉक्टरांनी सांगणे बंद करावे, असे ठरले होते. डॉक्टरीणबाईंनी तोंड मिटले आणि आम्हाला बोटाने जिना दाखवला.

खिडकी क्रमांक चारवरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी कपाटातून नऊ पानी नमुना काढला आणि माझा ऊर भरून आला. तो नमुना प्र-९, म्हणजे जन्म-नियोजन आराखडा, आमच्याच कार्यालयात तयार झाला होता. तयार करणारा मी. आमच्या कार्यालयाचे काम इतर कार्यालयांना नमुने करून देणे हे आहे. कोणी घरे बांधतो, कोणी पूल बांधतो. मी रकाने आखतो. बापाला आपले पोर भर बाजारात ओळखता यावे, तसा मी तो समास बघताच ओळखला.

गृहस्थ भराभर लिहीत गेले आणि चौदाव्या रकान्याशी थबकले. चौदावा रकाना होता 'बाळाची स्थिती', आणि त्याच्यापुढे 'डोके खाली' असे आधीच छापलेले होते. ही माझीच कल्पना. शंभरातल्या शहाण्णव वेळा जे लिहायचेच आहे ते शंभरही वेळा छापून टाकले तर लेखनिकाचा वेळ वाचतो. या सूचनेबद्दल मला कार्यालयाचे प्रशस्तिपत्रक मिळाले होते. ते आमच्या घरी बैठकीच्या खोलीत अजून टांगलेले आहे.

"तुमचं बाळ नमुन्यात बसत नाही," गृहस्थ म्हणाले.

"ते पोटात बसलंय, हीच अडचण आहे," बायको म्हणाली.

छापील मजकूर खोडायला खिडकीला अधिकार नव्हता. त्यासाठी 'स्थिती-विचलन प्रस्ताव' दाखल करावा लागणार होता, त्यावर समिती बसणार होती, आणि समितीची मंजुरी मिळेपर्यंत डॉक्टरीणबाईंना बाळ फिरवता येणार नव्हते. कारण नमुन्याप्रमाणे बाळाचे डोके खालीच होते आणि खाली असलेले डोके खाली आणण्याची तरतूद नव्हती. ऐकायला हे जाचक वाटले तरी त्यात एक तर्क होता, आणि खरे सांगायचे तर मला तो थोडा आवडलाही.

बायकोने आपला प्रश्न खिडकीत विचारला. गृहस्थांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि तिला नवव्या पानावरची शेवटची ओळ दाखवली : 'मातेचे म्हणणे (असल्यास)'. पुढे अर्धा इंच मोकळी जागा होती. मूळ मसुद्यात मी दोन पूर्ण ओळी दिल्या होत्या, पण त्यामुळे मजकूर दहाव्या पानावर जात होता आणि दहा पानांना आणखी एक टाचणी लागते. म्हणून अर्धा इंच.

बायकोने दातओठ खात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, त्या अर्ध्या इंचात आपला प्रश्न लिहिला. गृहस्थांनी शाईत बुडवून गोल शिक्का त्यावरच मारला. शिक्क्याला त्या पानावर दुसरीकडे जागाच नव्हती. तीही माझीच मांडणी.

बातमी घरी पोचली तशा सासूबाई पिशवी घेऊन राहायला आल्या, आणि त्यांच्यामागून सल्ले आले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितले की पोटाच्या खालच्या बाजूला विजेरी धरावी, बाळ उजेडाकडे वळते. माझ्या कार्यालयातल्या टंकलेखकाने सांगितले की वरच्या बाजूला बर्फाची पिशवी ठेवावी, बाळ गारव्यापासून पळते. कोणी खाली गाणी लावायला सांगितली, तर कोणी गुडघे टेकून, डोके उशीवर आणि पार्श्वभाग वर, असे पंधरा-पंधरा मिनिटे राहायला सांगितले. मी या सर्व उपायांचे वेळापत्रक करून भिंतीवर लावले आणि शेवटी शेऱ्याचा रकाना ठेवला. तिसऱ्या दिवशी बायको त्या गुडघ्यांवरच्या अवस्थेत, खाली गाणी, वर बर्फ आणि बाजूला विजेरी धरलेली आई, अशी असताना मी शेरा विचारला. तिने दिलेला शेरा कार्यालयीन भाषेत बसणारा नव्हता.

सासूबाईंना या सगळ्याचे कौतुक नव्हते. "जावईबापू," त्या विजेरी बंद करत म्हणाल्या, "ही स्वतः पायाळू आहे. हिच्या वेळेला सुईणीनं मला एकच विचारलं होतं, घाबरलीस का म्हणून. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग माझा हात धर."

हे कोणत्या नमुन्यात नोंदवले होते, असे मी विचारले. सासूबाई उठून आत गेल्या.

स्थिती-विचलन समिती महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी भरते. पुढचा दुसरा गुरुवार अडतिसाव्या आठवड्यात पडत होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली मुदत तोवर उलटून जाणार होती, पण बैठक अलीकडे घ्यायची तर तोही एक विचलनच, आणि त्याला समितीचीच मंजुरी लागली असती. समितीत तिघे होते. अध्यक्ष रुग्णालयाचे अधीक्षकसाहेब, दुसरे भांडारप्रमुख आणि तिसरे लिफ्टची देखभाल करणारे अभियंते, कारण विषय वर आणि खाली असा होता. डॉक्टरीणबाईंना समितीत घेतलेले नव्हते. बाळ फिरवणार त्याच, तेव्हा त्यांचा हितसंबंध गुंतलेला होता.

प्रस्तावाला सोनोग्राफीचा अहवाल जोडायचा होता आणि बैठकीच्या दिवशी तो सात दिवसांहून जुना चालणार नव्हता. सोनोग्राफीची तारीख मिळाली ती बैठकीच्या बरोब्बर आठ दिवस आधीची. बायको म्हणाली, आता झाले. मी मात्र हार मानणारा नव्हतो. मध्ये येणारा रविवार हा दिवस म्हणून धरू नये, असा मी अर्ज केला. तो मंजूर झाला. रविवार दिवस नसल्याचे लेखी मिळवणारा मी बहुधा पहिलाच नवरा असेन. त्या दिवशी मी घरी पेढ्यासारखा गोड चेहरा करून गेलो. बायको भिंतीला टेकून, पाय सुजलेले, खिडकीबाहेर बघत बसली होती. मी तिला मंजुरीचा कागद दाखवला. तिने तो वाचला आणि त्याने वारा घेतला.

मग अधीक्षकसाहेबांनी त्रुटी काढली. स्थिती बदलण्यापूर्वी, आहे ती स्थिती का घेतली, याबद्दल संबंधिताचा लेखी खुलासा फायलीत हवा. संबंधित म्हणजे बाळ. अज्ञान अपत्याच्या वतीने पालकाने लिहिले तरी चालणार होते. खरे तर मी वाद घालायला हवा होता, पण खुलासा लिहिणे हा माझ्या हातचा मळ आहे. मी रविवारी, म्हणजे ज्याला आता दिवस धरायचे नव्हते त्या वेळात, बसून दोन पाने लिहिली. त्यातला काही भाग असा :

'उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, मी गेले आठ महिने सदर जागेत वास्तव्यास असून माझ्याविरुद्ध यापूर्वी एकही तक्रार नाही. डोके खाली करण्याबाबत मला कोणतीही लेखी सूचना प्राप्त झालेली नाही. जागेअभावी वळण्यास अडचण येत असून वेळोवेळी लाथा मारून ती निदर्शनास आणून दिलेली आहे. सदर चूक ही पहिलीच असल्याने सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.'

सहीच्या जागी मी 'पोटातील' असे लिहिले आणि खाली पालक म्हणून सही केली. लिहिताना मला खरेच भरून आले. बाळाशी पहिल्यांदा काहीतरी नाते जुळल्यासारखे वाटले. मी तो खुलासा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तीही आधी हसली, लाथांच्या वाक्याला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू थांबले, पाणी राहिले.

"बाळाचं म्हणणं तुम्ही दोन पानं लिहिलंत," ती म्हणाली. "ते अजून जन्मलंही नाही. माझं अर्ध्या इंचात, आणि त्यावर शिक्का."

मी तिला समजावले की तो शिक्का मुद्दाम मारलेला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी, समितीच्या आदल्या दिवशी, बायको चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत काहीतरी मोठे फिरले, असे ती म्हणाली. झोपेत माणूस कूस बदलतो तसे, पण सगळे पोट घेऊन. सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि मान डोलवली. मी दोघींना सांगितले की अशा तोंडी गोष्टींची दखल घेता येत नाही. उद्या जे काय ते रीतसर कळेल.

गुरुवारी समिती बसली. आम्हाला बाहेर बाकावर बसवून त्यांनी पाऊण तास चर्चा केली आणि आदेश काढला : 'बाळाची अस्तित्वात असलेली स्थिती एकशे ऐंशी अंशांनी बदलण्यास मंजुरी देण्यात येत आहे. कार्यवाही आजच व्हावी.' मी आदेशाची प्रत छातीशी धरून तपासणीच्या खोलीत गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर ठेवले, पडद्याकडे बघितले, आणि त्यांचा चेहरा उजळला. बाळाचे डोके खाली होते. ते आपले आपणच फिरले होते.

इथे कोणत्याही सामान्य घरात आनंद झाला असता. आमच्याही झाला, सुमारे चार मिनिटे. मग आदेशाचे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि आम्ही सगळे पुन्हा समितीसमोर गेलो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले की त्या पोटाला हात लावणार नाहीत, कारण आता एकशे ऐंशी अंश फिरवले तर बाळ पुन्हा बसेल. अधीक्षकसाहेब गंभीर झाले. बाळाने परवानगी मिळण्याच्या आदल्याच दिवशी परस्पर स्थिती बदलली होती, आणि असे प्रत्येक बाळ करू लागले तर समिती कशासाठी, असा त्यांचा रास्त सवाल होता. भांडारप्रमुखांनी बाळाला ताकीद देण्याचे सुचवले. अभियंत्यांनी बराच विचार करून सांगितले की एकशे ऐंशीऐवजी तीनशे साठ अंश फिरवले तर आदेशही पाळला जाईल आणि बाळही जिथल्या तिथे राहील. डॉक्टरीणबाई खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेल्या. दार त्यांनी जरा जोरातच लावले.

शेवटी असे ठरले की मंजूर झालेला आदेश फक्त पुढच्या मासिक बैठकीतच रद्द करता येतो. तोपर्यंत बाळ नोंदीप्रमाणे 'विचलित' समजले जाईल. आणि ज्या विचलित बाळाला फिरवलेले नाही त्याच्यासाठी नियम स्पष्ट आहे : तारीख ठरवून शस्त्रक्रिया. सोमवार, सकाळी नऊ.

"माझ्या बाळाचं डोकं खाली आहे," बायको म्हणाली. "तुम्ही आत्ता पडद्यावर बघितलंत. मग पोट कशाला चिरायचं?"

"बाई," अधीक्षकसाहेब समजुतीने म्हणाले, "पोटात काय आहे ते बदलत राहतं. फायलीत आहे ते कायम असतं."

तिने खोल श्वास घेतला. "बरं. आणि सोमवारच्या आधीच कळा आल्या, तर मी कुठं यायचं?"

अधीक्षकसाहेबांनी नमुना उलटसुलट चाळला. "सोमवारच्या आधी असं काही आराखड्यात नाही," ते म्हणाले आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिले. आराखडा माझाच असल्याने मला मान डोलवावी लागली. बायको बराच वेळ त्या माझ्या मानेकडे बघत राहिली.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या.

आमच्याकडे गाडी आहे ती बायकोची शिकवायची. तिच्या मागच्या काचेवर 'शिकाऊ चालक' अशी पाटी आहे आणि आत ब्रेक दोन आहेत, एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मी चालवत होतो, बायको सवयीने शेजारी बसली होती आणि मागे सासूबाई पिशवी धरून होत्या. कळ आली की बायकोचा पाय आपोआप तिच्या ब्रेकवर पडे आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राही. मागचे लोक भोंगे वाजवत, पाटी वाचत आणि मला बघून समजल्यासारखे करत पुढे जात. एवढ्या कळांत तिने मला दोनदा गिअर चुकल्याचेही सांगितले.

प्रसूती कक्षाच्या दारावर आराखड्याची प्रत दाखवावी लागते. दारावरच्या माणसाने ती बघितली आणि आम्ही सोमवारचे असल्याचे सांगून खिडकी क्रमांक चारकडे पाठवले. खिडकी क्रमांक चारवरच्या गृहस्थांनी बायकोकडे काळजीने पाहिले. त्यांना मनापासून वाईट वाटत होते. पण तारखेआधी आलेल्यांसाठी नमुनाच नव्हता, आणि नमुना नाही तर दार कशाच्या आधारावर उघडायचे, हे त्यांना कळत नव्हते.

"मग नमुना करू," मी म्हणालो.

आता मागे वळून बघताना मला ते वाक्य आवडत नाही. त्या क्षणी मात्र मला वाटले की माझी सबंध नोकरी या एका घटकेसाठीच झाली होती. गृहस्थांनी कोरा कागद आणि पट्टी पुढे केली. आम्ही दोघे डोक्याला डोके लावून बसलो. नमुना प्र-९ (अ), नियोजनपूर्व प्रसूती. इतका समजूतदार माणूस मला कित्येक दिवसांत भेटला नव्हता. समास किती सोडावा यावर आमचे पहिल्या वाक्यातच एकमत झाले. आणि या वेळी मी चूक सुधारली : 'मातेचे म्हणणे' याला दोन पूर्ण ओळी दिल्या आणि शिक्का उजव्या कोपऱ्यात हलवला. मागे बाकावर बायकोचा कण्हण्याचा आवाज येत होता. एकदा तिने मला हाक मारली. दोनच रकाने राहिलेत, असे मी न वळता सांगितले.

रकाने संपवून वळलो तेव्हा बाक रिकामा होता.

पुढचे मला सासूबाईंकडून कळले. बायको आईचा हात धरून उठली आणि बोळाच्या टोकापर्यंत चालत गेली, कारण तिथे एकच दार उघडे दिसत होते. ते अभिलेख कक्षाचे होते. आत थोरल्या सिस्टर फायलींच्या गठ्ठ्याला दोरी बांधत होत्या. त्यांनी एकदा मान वर करून पाहिले, दोरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "काय होतंय, बाई? तू सांग."

बायकोला सतरा दिवसांत कोणी असे विचारले नव्हते. ती तिथेच फायलींना टेकून रडली, सासूबाई म्हणाल्या, आणि रडता रडता तिने तो प्रश्न विचारला. सोमवारच्या आधीच कळा आल्या, तर मी कुठं यायचं?

"इथंच यायचं," सिस्टर म्हणाल्या. "आणि मी दार उघडायचं."

अभिलेख कक्षाला मागे एक दार आहे. प्रसूती कक्षातल्या जुन्या फायली तिथूनच ढकलगाडीवर आणतात. सिस्टरनी ते उघडले, ढकलगाडीवरच्या फायली जमिनीवर उतरवल्या आणि बायकोला तिच्यावर बसवून आत नेले. डॉक्टरीणबाई आतच होत्या. त्यांनी नमुना मागितला नाही.

मी नमुना प्र-९ (अ) हातात घेऊन पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटे झाली होती आणि आतून रडण्याचा खणखणीत आवाज येत होता. दारावरच्या माणसाने नव्या नमुन्यावर सही बघून मला रीतसर सोडले. बायको उशीला डोके टेकून पडली होती, केस कपाळाला चिकटलेले, आणि कुशीत गुंडाळलेले गाठोडे.

"डोकं आधी आलं की पाय?" मी विचारले.

तिने डोळे उघडले. "नमुन्यात काय आहे?"

"छापील नमुन्यात डोके खाली आहे. फायलीत विचलित आहे."

"मग दोन्ही लिहा," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

नमुना प्र-९ (अ) अधीक्षकसाहेबांना फार आवडला आणि तो पुढच्या महिन्यापासून लागू होत आहे. मी ही बातमी बायकोला सांगितली, दोन पूर्ण ओळींचे तर आवर्जून दाखवले. लिहायला जागा झाली हे छान झाले, ती म्हणाली, आता वाचायला कोणीतरी नेमा.

पहिल्या तीन दिवसांत घरी एकेचाळीस फोन आले. सवयीप्रमाणे मी वही आखली : फोन करणाऱ्याचे नाते, आणि पुढे प्रत्येकाने काय विचारले त्याचे रकाने. मुलगा की मुलगी. वजन किती. कोणासारखे दिसते. डोके आधी आले की पाय. चारही रकाने खुणांनी गच्च भरले आणि वही बघायला देखणी झाली. चौथ्या दिवशी बायकोने ती मागून घेतली. शिकाऊ लोकांच्या चुका दाखवायला ती एक लाल पेन वापरते. त्या पेनाने तिने उजव्या समासात पाचवा रकाना आखला आणि वर लिहिले : 'आई कशी आहे?' मग वही माझ्याकडे सरकवून ज्यांनी हे विचारले त्यांच्यापुढे खूण करायला सांगितले.

मी वरून खालपर्यंत आठवत गेलो. खूण एकच झाली. तिच्याकडे शिकणाऱ्या एका गृहस्थांनी मॅडम कशा आहेत असे विचारले होते, पण त्यांची चालकाची परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती.

"तुमची ओळ कुठं आहे?" बायकोने विचारले. मी फोन केला नव्हता, दारातून विचारले होते. तरी तिच्या सांगण्यावरून बेचाळिसाव्या ओळीवर 'नवरा' असे लिहिले, चौथ्या रकान्यात खूण केली आणि पाचवा रिकामा सोडला. मला लाज वाटली. तशी नोंद करायला जागा नव्हती.

आता तुमचे. मुलगा झाला की मुलगी, वजन किती, आणि शेवटी डोके आधी आले की पाय, हे मी कुठेच सांगितलेले नाही, आणि तुम्ही गेली दोन पाने तेच शोधत आहात. त्रेचाळिसाव्या ओळीवर मी 'वाचक' असे लिहून ठेवले आहे. पाचवा रकाना अजून मोकळा आहे. लाल पेन बायकोच्या हातात आहे, आणि ती वाट बघते आहे.